संप, हौद आणि भीमेची वाळू

‘शाळेला संप हवा,’ असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो, तेव्हा एका सहकाऱ्याने लगेच जुन्या पेन्शनचा विषय काढला. दुसऱ्याने विचारलं, ‘तारीख कुठली?’ मला म्हणायचं होतं ते माशांच्या टाकीखाली बसवायच्या दुसऱ्या टाकीबद्दल. मराठीत हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या व्हरांड्यात चार फुटी काचेची टाकी आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने ती भेट दिली होती. सोबत कॅनिस्टर फिल्टर होता, म्हणजे झाकणबंद डबा. आत स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या, एका पाइपने पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी रात्री लाइट गेली, ती रविवारी दुपारी आली. शिपाईमामांनी तेव्हा पाहिलं, मासे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत होते, पण जिवंत होते. सोमवारी प्रार्थनेच्या आधी मुलांना सगळे मासे उताणे तरंगताना दिसले.

सातवीतल्या एका मुलाने विचारलं, ‘सर, लाइट नव्हती तेव्हा मासे जगले. मग लाइट आल्यावर कसे मेले?’

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर तयार नसतं. मी शोधत गेलो. संप विकत घ्यायचा म्हणून निघालो होतो, पण वाटेत मशिदीचा हौद लागला, कात्रजचा तलाव लागला, हॅम्बुर्ग शहर लागलं, आणि शेवटी फिरून आपल्याच घोड-भीमेच्या काठावर आलो.

हौदातले मासे

आधी शब्दाबद्दल. अरबीत ‘हौद’, फारसी-उर्दूत त्याचा ‘हौज’ झाला, आणि मराठीने तो पुन्हा ‘हौद’ केला. मूळ अरबी उच्चाराला आपला मराठी शब्द उर्दूपेक्षा जवळचा आहे, हे वर्गात सांगितलं की मुलांना गंमत वाटते.

लहानपणी अब्बांबरोबर वजूला बसलो की माझं निम्मं लक्ष हौदातल्या माशांकडे असायचं. वजूच्या पाण्यात मासे कसे चालतात, असं मी एकदा विचारलं. अब्बा म्हणाले, ‘पाण्यात जन्मणारा जीव पाण्याला नापाक करत नाही.’ हनफी फिकहचं म्हणणं हेच आहे. त्याच फिकहमध्ये हौदाचं मापही सांगितलेलं आहे: ‘दह दर दह’, दहा हात लांब आणि दहा हात रुंद. एवढं पसरलेलं साठवणीचं पाणी वाहत्या पाण्यासारखं मानलं जातं. त्यात थोडी घाण पडली, तरी रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय ते नापाक ठरत नाही. हात दीड फुटाचा धरला तर हे माप 15 फूट बाय 15 फूट, म्हणजे 225 चौरस फूट होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फुकहांनी हे माप ऑक्सिजन मोजून ठरवलेलं नाही आणि ‘आमच्या किताबांत सगळं विज्ञान आधीच होतं’ अशा बढाईत मला रस नाही. त्यांचा प्रश्न इबादतीचा होता. पण त्यांनी खोलीपेक्षा पसाऱ्याला महत्त्व दिलं, आणि साठलेलं पाणी कोणत्या अटीवर वाहत्या पाण्याची जागा घेऊ शकतं, हा प्रश्न विचारला. माशांची टाकी ठेवणाऱ्याचाही प्रश्न तोच असतो.

मुंबईच्या जामा मशिदीत हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावरच उभी आहे. पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडी कमानींनी इमारत तोलून धरली आहे. तलावाला तळातल्या झऱ्यांचं पाणी मिळतं आणि त्यात मासे आहेत. वर नमाजी उभे राहतात, खाली पाणी.

औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीही अशीच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी काही किलोमीटरवरून मातीच्या नळांनी पाणी आणलं, त्या पाण्यावर जातं फिरवलं आणि हौद भरला. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने याच शहरात नहर खेळवली होती, तिथूनच ही परंपरा येते.

पुण्याची गोष्ट तर आपल्याला घरची. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं. कात्रजला एक तलाव नाही, दोन आहेत. वरच्यात गाळ बसतो, निवळलेलं पाणी खालच्यात उतरतं आणि तिथून दगडी नळातून पेठांमधल्या हौदांकडे जातं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले आहेत. लोक हौदावर घागर भरायचे. गाळ मात्र शहराबाहेर, त्यांच्या नजरेआड बसत होता. पाणी वापरण्याची जागा वेगळी आणि पाणी निवळण्याची वेगळी, हे ज्याने ओळखलं त्याला संपाचं अर्धं तत्त्व कळलेलं होतं.

लॉइडचं अंधारं तळघर

उरलेलं अर्धं तत्त्व इंग्लंडमध्ये सापडलं, तेही चुका करत.

1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका काचपात्रात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, गोगलगायी कुजकी पानं खातात, असा समतोल त्याने लोकांपुढे मांडला. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात प्राणिसंग्रहालयाचं मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं आणि त्याबरोबर मेलेल्या माशांचे ढीगही वाढले. उन्हात ठेवलेल्या टाकीचं पाणी हिरवं व्हायचं, नाहीतर कुजायचं.

विल्यम अल्फर्ड लॉइडने यावर मार्ग काढला. 1864 मध्ये हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयाचं मत्स्यालय उभारताना त्याने पाणी सतत फिरतं ठेवलं. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने तीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांत सुमारे 20,000 गॅलन पाणी होतं, आणि जमिनीखालच्या अंधाऱ्या टाकीत 1,00,000 गॅलन. पंप खालचं पाणी वर चढवत राहायचे आणि ते टाक्यांमधून ओसंडत पुन्हा खाली यायचं. अंधारामुळे शेवाळ वाढत नसे, पाणी गार राही आणि वाहताना हवा खाई. तिकीट काढून लोक पाहायचे त्याच्या पाचपट पाणी त्यांच्या पायाखाली होतं.

आज दुकानदार ज्याला संप म्हणतो, त्याचा हा थोरला पूर्वज.

मात्र त्या तळघरात पाणी नेमकं कशामुळे शुद्ध होतं, हे त्या वेळी लॉइडसकट कुणालाच माहीत नव्हतं. ते 1877 मध्ये फ्रान्समधल्या श्लोझिंग आणि म्यूंत्झ या दोघांनी दाखवलं. भाजलेली वाळू आणि खडूची पूड त्यांनी एका लांब नळीत भरली आणि वरून हळूहळू सांडपाणी सोडलं. वीस दिवस काहीच फरक पडला नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट यायला लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम बंद पडलं. नंतर मातीचं थोडं पाणी घातलं, तेव्हा काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झालं. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध पडते ती गोष्ट जिवंत असली पाहिजे, हे उघड होतं. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट, अशी दोन पायऱ्यांची ही साखळी. माशांसाठी पहिले दोन पदार्थ विषारी आणि तिसरा बराच सौम्य.

सातवीतल्या मुलाचं उत्तर इथे होतं. हे जिवाणू श्वास घेतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला त्यांना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाणी फिरतं आहे तोवर त्यांना तो मिळतो. आमच्या झाकणबंद डब्यात रात्रभर पाणी थांबलं, आतला ऑक्सिजन काही तासांत संपला, जिवाणू गुदमरले आणि साचलेली घाण कुजू लागली. वरच्या उघड्या टाकीत मासे कसेबसे तग धरून होते. मग लाइट आली आणि पंपाने डब्यातलं ते कुजकं पाणी त्यांच्या अंगावर आणून ओतलं. फिल्टर चालू झाला, म्हणून मासे मेले.

हॅम्बुर्ग आणि आल्टोना

लॉइडच्या हॅम्बुर्गची आणखी एक आठवण सांगायला हवी.

पिण्याचं पाणी वाळूतून गाळायची पद्धत तोवर जुनी झाली होती. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात जॉन गिबने 1804 मध्ये ती वापरली. लंडनच्या चेल्सी जलकेंद्रात जेम्स सिम्पसनने 1829 मध्ये मोठे वाळूगाळे बांधले. पाणी वाळूतून हळूहळू झिरपतं, तेव्हा वाळूच्या वरच्या थरावर जिवाणूंची पातळ साय धरते. गाळण्याचं बरंचसं काम ती साय करते.

हॅम्बुर्गच्या नगरपालिकेने मात्र हा खर्च टाळत नेला. एल्बे नदीचं पाणी न गाळताच नळाने घरोघरी जात होतं. 1892 मध्ये कॉलरा आला आणि काही आठवड्यांत 8,600 च्या आसपास माणसं मेली. हॅम्बुर्गला लागूनच, पण नदीच्या खालच्या अंगाला आल्टोना होतं. हॅम्बुर्गचं सांडपाणी पोटात घेतलेली तीच एल्बे आल्टोनाचे लोक पीत होते, तरी तिथे साथ फारशी पसरली नाही. आल्टोनाचं पाणी वाळूतून गाळलेलं होतं. दोन शहरांची हद्द एका रस्त्यावरून जायची. त्या रस्त्याच्या एका बाजूच्या घरांत कॉलरा होता, दुसऱ्या बाजूच्या घरांत जवळपास नव्हता.

ज्या शहराने 1864 मध्ये माशांसाठी फिरत्या पाण्याची सोय केली, त्याने 1892 पर्यंत माणसांसाठी वाळू अंथरली नव्हती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कारण मी दौंडकर आहे. पुण्याची मुळा-मुठा शिरूर-दौंडच्या शिवेवर रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि ती भीमा पुढे आमच्या गावावरून जाते. नकाशावर आम्ही आल्टोनाच्या जागी आहोत.

मग संप कसा निवडला

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती लिटरची टाकी?’ आणि दुसरा, ‘कुठल्या कंपनीचा पंप?’ आमच्याकडे पहिला प्रश्न असायला हवा, लाइट गेली तर काय होईल?

आमची टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे 9 घनफूट, सुमारे 255 लिटर. वरची मोकळी जागा आणि खडी वगळता पाणी 220 लिटर. पंप थांबला की परतीच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. ते तोंड दोन इंच पाण्याखाली असेल, तर 6 चौरस फुटांवरचं दोन इंच पाणी, म्हणजे 1 घनफूट, 28 लिटर, संपात उतरणार. आमच्या स्टँडखाली अडीच फूट लांब, एक फूट रुंद, 15 इंच उंच संप बसत होता. त्यात 28 लिटर आले की पातळी जवळजवळ 5 इंचांनी चढते. म्हणून चालू स्थितीत पाणी 8 इंचांच्या वर ठेवायचं नाही. लाइट गेल्यावर ते 13 इंचांपर्यंत येईल आणि वर दोन इंच शिल्लक राहतील. हे गणित मुलांनी फळ्यावर केलं. ‘जास्त पाणी राहील म्हणून संप भरून ठेवा,’ असा सल्ला मिळाला होता. तो ऐकला असता, तर पहिल्याच भारनियमनात व्हरांडा धुऊन निघाला असता.

दुसरा निर्णय जिवाणूंच्या घराचा. पाणी आधी स्पंजातून जातं, तिथे कचरा अडतो. त्यानंतर भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये सिरॅमिकच्या नळ्या आणि मातीच्या फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या. हा ट्रे पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला आहे, त्यावर पाणी पावसासारखं पडतं. पंप थांबला तरी खापऱ्या ओल्या राहतात आणि त्यांना चारी बाजूंनी हवा मिळते. बंद डब्यात जे जिवाणू काही तासांत गुदमरतात, ते इथे रात्र काढू शकतात. वरच्या माशांसाठी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप वेगळा घेतला.

तिसरा निर्णय पंपाचा. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरावं, म्हणजे 900 ते 1,100 लिटर. पण खोक्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. चार फूट चढवताना तो बराच घसरतो. म्हणून खोक्यावर 2,000 लिटर लिहिलेला पंप घेतला.

आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं. चहाच्या भांड्याला त्याची पुटं चढतात म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. या कामात मात्र ते सोयीचं ठरतं, कारण अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातला क्षार खर्च करतात आणि तो आपल्याकडे भरपूर आहे. फक्त उसाच्या पट्ट्यात खतांमुळे विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट आधीच असू शकतं, म्हणून पाणी आधी तपासून घ्यावं. आणि स्पंज क्लोरीनच्या नळाखाली कधी धुऊ नये. टाकीतल्याच बादलीभर पाण्यात पिळावा.

शेवटचा खर्च पैशांचा नव्हता, सबुरीचा होता. पाणी फिरायला लागलं की मुलांना त्याच दिवशी मासे हवे होते. मी त्यांना श्लोझिंगच्या नळीचे वीस दिवस सांगितले. आम्ही सहा आठवडे मासे न घालता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो आणि तपासणीच्या थेंबांनी आधी अमोनिया, मग नायट्राइट चढून उतरताना पाहिलं.

घोडनदीचा मासा

त्या सहा आठवड्यांत मुलांना दाखवायला मी एक जुनं नाव शोधून काढलं. 1824 मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं. त्याने शेतीभाती, लोकसंख्या, पक्षी यांच्याबरोबर इथल्या नद्यांतले मासेही नोंदवले. 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत अनेक माशांची शास्त्रीय नावं त्याने आपल्या लोकांच्या तोंडच्या नावांवरून ठेवली. ‘खुद्री’ हा महसीर पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. ‘मुसुल्लाह’ हा मासा मिळाला शिरूरला, घोडनदीत. नाव ऐकून मुलांना नमाजाचा मुसल्ला आठवला. त्याच्याशी संबंध नाही, ते इथलंच मराठी नाव साइक्सने त्याला ऐकू आलं तसं लिहिलं. हे नाव पुढे कित्येक वर्षं कावेरीतल्या एका वेगळ्याच महसीरला चिकटवलं गेलं. 2013 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की साइक्सचा मासा वेगळा आहे आणि तो आपल्या कृष्णा खोऱ्यातला आहे.

शिरूरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, मग तोच आणू या टाकीत.’ तो मासा चार फुटी टाकीत मावणारा नाही, आणि नदीतून धरून आणणंही बरोबर नाही. हे मी सांगितलं. त्यावर सातवीतला तो मुलगा म्हणाला, ‘सर, नदीचा संप कुठे असतो?’

नदीचा संप तिच्या तळाशी असतो. वाळूत. वाळूच्या प्रत्येक कणावर तीच जिवाणूंची साय असते आणि पाणी वरून वाहतं, तसंच काही आत झिरपत, हवा घेत, निवळत पुढे जातं. पूर्वी उन्हाळ्यात भीमेच्या पात्रात झिरा उकरून लोक पाणी भरत, ते गोड लागायचं. ती वाळू गेल्या काही दशकांत ट्रकांमध्ये भरून पुण्याच्या इमारतींत गेली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. तरी महसूल खात्याने भीमेत, घोडेत वाळूच्या बोटी फोडल्याच्या, जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. वरून सांडपाणी आणि खाली वाळू नाही, अशी आमची नदी झाली आहे. आल्टोनाकडे निदान वाळू तरी होती.

एवढं सगळं त्या मुलाला एका दमात सांगता आलं नाही. त्याच्या घराचं बांधकाम चालू आहे, अंगणात वाळूचा ढीग आहे, आणि माझंही घर वाळूचंच आहे.

आता व्हरांड्यात पाणी फिरतं आहे. आठ लहान पुंटी जातीचे मासे एका मत्स्यपालकाकडून आणले. परवा रात्री साडेनऊ तास लाइट नव्हती. सकाळी मुलांनी आधी मासे मोजले, आठ भरले. मग सगळे जमिनीवर पालथे पडून स्टँडखाली संपातली पातळी बघत होते, आणि पंप सुरू झाल्यावर ती इंच इंच उतरताना मोठ्याने मोजत होते.